गैरहजर नव्हे, स्थलांतरित

एरवी आपण या वेळेला बँकेचा हप्ता, रेशनकार्ड, शिलाईचं काम असं काहीबाही बोलत असतो. आज आम्ही तुम्हाला एका चित्रप्रदर्शनाबद्दल सांगणार आहोत. ‘आपला काय संबंध?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. तिथल्या भिंतीवर आम्हाला आमच्याच गटाची हजेरीवही टांगलेली दिसली, आणि परत आल्यावर गटाचा एक नियम बदलावा लागला. कसा, ते ऐका.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. आमच्या गटातल्या एका ताई अशाच दरवर्षी जातात. त्यांची मुलगी मात्र हंगामी वसतिगृहात राहून शिकली. आईबाप तोडीला गेले की मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच जी सोय करतात, तेच हे वसतिगृह. मुलीचा हात चित्रकलेत चांगला. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या एका चित्रकला महाविद्यालयात गेली. तिथला बीएफए हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. तेव्हा गावात सगळे म्हणत होते, ‘ड्रॉइंगनं पोट भरतं होय?’ खोटं कशाला बोलायचं, आमच्यातल्या दोघीतिघीही तेच म्हणत होत्या.

या एप्रिलमध्ये तिचा फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचं पदवी प्रदर्शन होतं आणि विषय होता भटकेपण आणि विस्थापन. ‘आईला घेऊन या, तुम्हीही सगळ्या या,’ म्हणाली. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच. आम्ही सात जणी निघालो.

पदवी प्रदर्शन म्हणजे काय, ते आधी सांगतो. शेतीशाळेत जसं शेवटी पीक दाखवावं लागतं, तसं चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आपलं काम लोकांसमोर मांडावं लागतं. परीक्षक येऊन बघतात, चित्रकार येतात, आणि तुमच्या-आमच्यासारख्या कोणालाही जाता येतं. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथलं वार्षिक प्रदर्शन बघायला आजही लोक आवर्जून जातात.

आम्हाला वाटलं होतं की भिंतीवर फ्रेमा असतील, देवदेवता, निसर्ग, बाईच्या डोक्यावर घागर. तसं तिथं फार थोडं होतं. बरीच मुलं आता मांडणशिल्प करतात. मांडणशिल्प म्हणजे खऱ्या वस्तू, माती, कापड, आवाज अशा अनेक गोष्टी एका जागेत मांडायच्या आणि बघणाऱ्यानं त्यातून चालत जायचं. गौरी-गणपतीपुढं आपण आरास करतो, धान्याची रास, खेळणी, भांडी मांडतो, त्यातून काहीतरी सांगत असतो. मांडणशिल्प त्याच जातीतलं आहे. फक्त तिथं देवाच्या जागी प्रश्न मांडलेला असतो.

सुरुवातीला आम्ही बिचकलो. मग एका शिक्षिकेनं तीन गोष्टी सांगितल्या, त्या कोणत्याही प्रदर्शनात उपयोगी पडतील. आधी लांबून सगळं बघा, लगेच अर्थ विचारू नका. मग जवळ जाऊन वस्तू ओळखा, त्या कुठून आल्या असतील ते आठवा. आणि शेवटी शेजारची पाटी वाचा, मूल तिथं उभं असेल तर त्याला विचारा. मैत्रिणींनो, दुसऱ्या पायरीत आम्ही शहरातल्या बघ्यांपेक्षा पुढं निघालो. त्या वस्तू आमच्या घरातल्याच होत्या.

दारातच एका मुलीनं लांबलचक काळी घोंगडी पसरली होती. तिचं घर मेंढपाळ धनगरांचं. घोंगडीवर पांढऱ्या लोकरीनं तिच्या घरच्या वाड्याची वाट टाचली होती. फलटण, माणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाआधी परत वर येतात. बिऱ्हाड घोड्यावर, कोकरं जाळीत, आणि रोज नव्या जागी वाडा मांडायचं काम बायकांचं. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, कारण लेंडीचं खत मिळतं. त्याबदली धान्य नाहीतर पैसे देतात. त्या घोंगडीवर पांढरी वाट मध्येच तुटत होती. जिथं तुटली तिथं मुलीनं लाल धाग्यानं लहान चौकोन काढले होते. कुठं कंपनीचं कुंपण, कुठं प्लॉटिंग, कुठं मोठा रस्ता. चरायची जागा गेली.

पुढच्या खोलीत पाल उभं होतं, नंदीवाले समाजातल्या एका मुलाचं. पालात दोरीवर कपड्यांऐवजी अर्ज वाळत घातलेले. शाळेचा, रेशनचा, दाखल्याचा, बँकेचा. प्रत्येक अर्जात ‘कायमचा पत्ता’ ही ओळ कोरी. आणि समोर एक सुंदर सोनेरी फ्रेम, आत काहीच नाही. खाली पाटी होती, ‘२१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा’. आम्हाला ती पाटी लगेच कळली, कारण हे कागद आम्ही दर महिन्याला बघतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल, तर त्या तारखेच्या आधीपासून त्याचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, असा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबांनी आयुष्यभर गावाबाहेर तीन रात्रींच्या वर मुक्काम केला नाही, त्यानं पुरावा आणायचा कुठून? कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देता येतो, पण ते माहीत किती जणांना?

तिसऱ्या खोलीत अंधार होता. जमिनीवर धरणाच्या तळाचा वाळलेला, भेगाळलेला गाळ. कानाला लावायला हेडफोन. त्यात एक आजी सांगत होत्या की चावडीच्या डाव्या अंगाला आमचं घर, पुढं लोहाराचा भाता, मग विहीर. असं अख्खं गाव त्या बोलत होत्या. ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं, ते बघायला लोक नावेतून जातात. आजी मात्र त्या गाळात अजून आपला उंबरा शोधतात.

या तीन खोल्यांनी आम्हाला एक फरक समजला, तो तुम्हालाही सांगावासा वाटतो. आपण सगळ्याला एकच शब्द वापरतो, ‘बाहेरगावचे’. पण तिथं तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भटकंती म्हणजे फिरणं हीच ज्यांची जगण्याची रीत आहे. त्यांची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, परत येणं ठरलेलं. त्यांना घर नाही असं नसतं, त्यांचं घर चालतं असतं. हंगामी स्थलांतर म्हणजे घर आहे, शेतीचा तुकडाही असतो, पण त्यावर वर्ष निघत नाही, म्हणून सहा महिने कामामागं जायचं. आणि विस्थापन म्हणजे परत यायला जागाच उरत नाही.

विस्थापन आपल्या राज्यात थोडंथोडकं नाही. कोयना, जायकवाडी, उजनी ही नावं आपण विजेसाठी आणि पाण्यासाठी घेतो. तिथं बुडालेल्या गावांची नावं कोण घेतं? सरदार सरोवरानं एकट्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली होती.

आणि भटकंतीकडं आपण संशयानं बघतो, त्यालाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला आणि पुढं शेकडो जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. मूल जन्मलं की तेही गुन्हेगार. पोलिसांकडं हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणात माणसं ठेवलेली. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ ही पुस्तकं गावच्या वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा, हे जगणं आतून कळेल. पुढं वन्यजीव कायदा १९७२ ला आला. प्राण्यांसाठी तो गरजेचाच होता. पण अस्वलवाले दरवेशी, सापवाले गारुडी यांचा पिढ्यांचा धंदा त्यानं थांबला आणि दुसरा धंदा कोणी शिकवला नाही.

आता आमच्या मुलीच्या खोलीकडं येतो.

तिनं कोपी उभी केली होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या फडाजवळ नाहीतर कारखान्याच्या तळावर तोडकरी ज्या खोपटात राहतात ती कोपी. बांबूच्या कांबी, चट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री. आत जायचं तर बाईला कमरेत वाकावं लागतं. आत पत्र्याची पेटी, गोधडी, बाळाची झोळी, दोन कोयते. भिंतीवर पाटी होती, ‘एक कोयता’. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते, पण हिशेबात ती अर्धी.

आमच्या ताई कोपीपुढं उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? ‘चूल आत? पाचट पेटलं म्हणजे?’ मुलगी म्हणाली, ‘आई, बाहेर लोकांची वाट आहे.’ ताईंनी ऐकलं नाही. वाकून आत गेल्या, तीन दगड उचलले, बाहेर आडोशाला मांडले. राखणदार धावत आला, हात लावू नका म्हणाला. मुलीनं त्याला थांबवलं. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत चूल तिथंच राहिली आणि लोक वळसा घालून गेले.

कोपीच्या दोन बाजूंच्या भिंतींवर मोठे केलेले कागद होते. डावीकडं तिच्या शाळेची हजेरी. वसतिगृह मिळायच्या आधीची दोन वर्षं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ओळीनं ‘गै, गै, गै’. आणि उजवीकडं आमच्या गटाची हजेरीवही. वर्षभरापूर्वी तिनं प्रोजेक्टला पाहिजे म्हणून झेरॉक्स मागितली होती आणि आम्ही कौतुकानं दिली होती. नावांवर तिनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, पण अक्षर आमचंच. एका ओळीत चोवीस आठवडे ‘गै’, आणि पुढं लाल शाईत ‘दंड रु. १०’. चोवीस वेळा.

ताईंना वाचता येत नाही. म्हणाल्या, ‘काय लिहिलंय?’ आम्ही वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ते होय. तो तर भरला की सगळा.’

खरंच भरला होता. पंचवीस रुपयांप्रमाणं चोवीस आठवड्यांची बचत सहाशे, वर दंड दोनशे चाळीस. आठशे चाळीस रुपये त्यांनी गावात आल्या आल्या मोजून दिले होते. आणि त्याच वर्षी भादव्यात नवऱ्याच्या आजारपणासाठी त्यांनी गटाकडं कर्ज मागितलं तेव्हा आम्ही काय केलं? हजेरी कमी आहे म्हणून नंबर मागं टाकला. मग त्यांनी मुकादमाकडून उचल वाढवून घेतली. उचल वाढली की ती फिटेपर्यंत पुढचा हंगामही बांधला जातो, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको.

आम्ही पंचसूत्री पाळत होतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट लिहिलेल्या वह्या. पाचही गोष्टी चांगल्या आहेत, गट त्यावरच उभा आहे. पण हे सगळं एका जागी राहणारी बाई डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं आहे. जी जाते तिच्यासाठी त्या वहीत एकच अक्षर आहे, ‘गै’. पालातल्या त्या कोऱ्या ‘कायमच्या पत्त्या’त आणि आमच्या वहीत फरक काय राहिला?

परत येताना एसटीत वाद झाला, तोही सांगतो. आमच्यातल्या एक ताई चिडल्या होत्या. ‘आपली गरिबी पंख्याखाली मांडून कोणाचं भलं होणार? पोरं त्या कोपीत बसून फोटो काढत होती.’ काढत होती, हे खरं. पण दुसरीनं विचारलं की फोटो काढणाऱ्यांना सोडा, आपण सोळा वर्षं गट चालवतो, आपल्याला ती वही आधी का दिसली नाही? रोज हातात असलेली वस्तू भिंतीवर टांगल्यावरच दिसते काय? यावर कोणी बोललं नाही. आम्हाला वाटतं, मांडणारं कोण आहे यावर बरंच अवलंबून आहे. कोणी परकं येऊन कोपी मांडतं तेव्हा ती देखावा होऊ शकते. इथं कोपीत वाढलेली मुलगी मांडत होती, आणि चूल कुठं हवी ते तिची आई सांगत होती.

ही वाट त्या मुलांच्या आधीही काही जणांनी चालली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणींच्या पट्ट्यात वाढलेले प्रभाकर पाचपुते कोळशानंच भिंतभर चित्रं काढतात, खाणकामगारांची आणि खाणीनं गिळलेल्या शेतांची. आणि झरीना हाश्मी. १९३७ मध्ये अलीगढला जन्मलेल्या. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब पाकिस्तानात गेलं, त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. १९९९ मध्ये त्यांनी ३६ लाकडी ठशांची एक मालिका केली. प्रत्येक ठशात एक साधी काळी आकृती आणि एक उर्दू शब्द. मालिकेचं नावच ‘घर ही परकी जागा’ अशा अर्थाचं आहे. घर सुटलेल्या बाईनं कागदावर पुन्हा घर बांधलं, असं त्या शिक्षिका म्हणाल्या.

आता आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. श्रावणातल्या बैठकीत ठराव घेतला आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला.

पहिलं म्हणजे, हंगामी कामाला जाणाऱ्या सभासदाच्या नावापुढं ‘गै’ लिहायचं नाही. ‘स्थ’ लिहायचं, म्हणजे स्थलांतरित. त्याला दंड नाही. काही जणी म्हणाल्या, बँक हजेरी बघते, गटाची प्रत खाली येईल. रास्त भीती होती. म्हणून ठरावाची प्रत हजेरीवहीला जोडली आणि बँकेच्या साहेबांना आधीच दाखवली. ते म्हणाले, कारण लिहिलेलं असेल आणि परतफेड नीट असेल तर बघू. ‘बघू’ म्हणालेत, ‘होय’ म्हणाले नाहीत. हेही तुम्हाला सांगून ठेवतो.

दुसरं, बचत महिन्याची एकदम, फोनवरून घरच्या माणसाकडं पाठवली तरी चालेल, नाहीतर परत आल्यावर भरावी.

तिसरं, दसऱ्याच्या आधी दोन महिने अंतर्गत कर्जात जाणाऱ्या बायकांचा नंबर पहिला. आजारपण, शाळेची फी, किराणा यासाठीचं छोटं कर्ज गटानं दिलं तर तेवढी उचल कमी घ्यावी लागेल.

चौथं, जायच्या आधी कागद तपासून द्यायचे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळं दुसऱ्या गावच्या दुकानातही आधारवर धान्य मिळतं, ते समजावून सांगायचं. ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीकडं नोंद करून ओळखपत्र घ्यायचं, आणि बाईचं नाव वेगळं नोंदवायचं. नवऱ्याच्या कोयत्यात धरायचं नाही.

आणि पाचवं. गावाबाहेर जी पालं पडतात, त्यांना आम्ही आजवर कधी विचारलं नव्हतं. या विमुक्त दिनाला तिथल्या चार बायकांना बैठकीला बोलावलं. दोघी आल्या. एकीचं आधार आहे, खातं नाही. दुसरीकडं काहीच नाही. तिच्या दाखल्यासाठी गृहचौकशीचा अर्ज केलाय. निकाल लागेल तेव्हा याच कार्यक्रमात सांगू.

मैत्रिणींनो, घटस्थापना आठ दिवसांवर आली. टोळ्या निघायची तयारी सुरू आहे. आमच्या त्या ताईही जाणार आहेत. नियम बदलला म्हणून ऊसतोड सुटली नाही. पण या भादव्यात त्यांनी औषधपाण्याला गटातून पाच हजार घेतले आणि तेवढी उचल कमी घेतली. मुलगी आता पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवते. आणि प्रदर्शनातली आमच्या हजेरीची ती मोठी प्रत तिनं आम्हाला दिली. गटाच्या खोलीत लावलीय. येणारी प्रत्येक जण विचारते, हे काय? मग आम्ही सांगतो.

तुमच्या गटाची वही आज उघडून बघा. कोणाच्या नावापुढं ओळीनं ‘गै’ दिसतंय? ती कुठं गेलीय, का गेलीय, परत कधी येणार, हे एकदा विचारा. आणि जवळच्या शहरात चित्रकलेच्या मुलांचं प्रदर्शन लागलं तर जाऊन या. तिथं तुमच्या ओळखीचं काही दिसेल. पुढच्या वेळी हिशेबाच्या वह्यांबद्दल बोलू.